नवा लॅपटॉप, पहिला दिवस: ऑटोपायलट आणि इंट्यूनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत मी संगणकांची व्यवस्था पाहतो. नवे लॅपटॉप हाताने तयार करणं आम्ही बंद केलं, तेव्हापासून ओळखीच्या ऑफिसांतून तेच ते प्रश्न येत राहतात: आयटी सांभाळणाऱ्यांकडून, एचआरकडून, सीएंच्या फर्ममधून, आणि ज्यांच्या हातात तो लॅपटॉप पडतो त्यांच्याकडूनही. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेबद्दल आहेत, कारण मी रोज तीच वापरतो. मॅक आणि फोनसाठी प्रश्न २१ पाहा.

१. ऑटोपायलट म्हणजे नेमकं काय? लॅपटॉप आपला आपण कसा तयार होतो?

खोक्यातून निघालेल्या लॅपटॉपवर विंडोज आधीच असतं. ऑटोपायलट ते पुसत नाही. लॅपटॉप पहिल्यांदा इंटरनेटला जोडला की तो मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला आपली ओळख सांगतो. ती ओळख तुमच्या कंपनीच्या नावावर नोंदलेली असेल, तर पडद्यावर घरगुती सेटअपऐवजी कंपनीचं लॉगिन येतं. कर्मचाऱ्याने ऑफिसचा ईमेल आणि पासवर्ड टाकला की पुढचं सगळं, म्हणजे सॉफ्टवेअर, वाय-फाय, सुरक्षेचे नियम, डिस्कचं एन्क्रिप्शन (डेटा कुलूपबंद करणं), तुम्ही आधी लिहून ठेवलेल्या यादीप्रमाणे उतरतं. ही सोय २०१७ पासून आहे.

२. मग इंट्यून काय आणि एन्ट्रा काय? तिन्ही एकच का?

नाही. एन्ट्रा आयडी म्हणजे माणसांची आणि संगणकांची नोंदवही. २०२३ पर्यंत तिचं नाव अझूर अॅक्टिव्ह डिरेक्टरी होतं, म्हणून जुन्या व्हिडिओंत ते ऐकू येतं. इंट्यून म्हणजे कोणत्या संगणकावर काय असावं हे ठरवणारा कारभारी. ऑटोपायलट फक्त दारातून आत आणून इंट्यूनच्या हवाली करतो. पहिला दिवस संपला की ऑटोपायलटचं काम संपतं. इंट्यूनचं लॅपटॉप मोडीत निघेपर्यंत चालू राहतं.

३. आम्ही पेनड्राइव्हवर इमेज (विंडोज आणि सॉफ्टवेअरची तयार प्रत) ठेवून अर्ध्या तासात लॅपटॉप तयार करतो. त्यात वाईट काय?

एका मॉडेलचे वीस लॅपटॉप एकाच टेबलावर असतील तर काहीच वाईट नाही, पद्धत वेगवान आहे. अडचण इमेजच्या वयाची असते. सहा महिन्यांपूर्वी बनवलेल्या इमेजमध्ये सहा महिन्यांपूर्वीचे अपडेट असतात, दुसऱ्या मॉडेलला तिचे ड्रायव्हर जुळत नाहीत, आणि रत्नागिरीत बसलेल्या माणसाचा लॅपटॉप आधी पुण्यात यावा लागतो.

मला त्याहून मोठी वाटणारी गोष्ट वेगळी आहे. हाताने केलेल्या कामात 'आपल्याकडे लॅपटॉप कसा तयार करतात' हे एका माणसाच्या डोक्यात राहतं. तो माणूस रजेवर असला की नव्या कर्मचाऱ्याचे पहिले दोन दिवस रिकाम्या टेबलावर जातात. नवी नोकरी, घरून मोठ्या उत्साहाने आलेला मुलगा किंवा मुलगी, आणि ऑफिसने दिलेलं पहिलं उत्तर 'अजून लॅपटॉप झाला नाही'. हे मी अनेकदा पाहिलंय आणि ते टाळता येतं. इंट्यूनमध्ये यादी लिहिली की ती सगळ्यांना दिसते, तपासता येते, सुधारता येते.

४. आमच्याकडे जेमतेम १५ माणसं आहेत. लायसन्स कोणतं लागेल, आणि एवढा खटाटोप करावा का?

प्रत्येक वापरकर्त्यासाठी इंट्यून प्लॅन १ आणि एन्ट्रा आयडी पी१ लागतं. छोट्या ऑफिसांना ही दोन्ही मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस प्रीमियममध्ये मिळतात, आणि तो प्लॅन ३०० वापरकर्त्यांपर्यंत घेता येतो. बिझनेस स्टँडर्डमध्ये इंट्यून नाही. बरीच ऑफिसं इथेच फसतात, म्हणून बिलावरचं नाव नीट वाचा.

करावा का, याचं उत्तर माणसांच्या संख्येवर ठरवू नका. वर्षाला दोनच लॅपटॉप येत असतील आणि सगळे एकाच खोलीत बसत असतील, तर फक्त ऑटोपायलटसाठी खर्च वाढवू नका. पण लोक घरून काम करत असतील किंवा क्लायंटचा डेटा लॅपटॉपवर असेल, तर १५ माणसांतही इंट्यून घ्यावं. लॅपटॉप हरवल्याच्या दिवशी त्याची किंमत कळते (प्रश्न १९).

५. डीलर होम एडिशनचा लॅपटॉप स्वस्तात देतोय. चालेल का?

नाही. प्रो, एंटरप्राइझ किंवा एज्युकेशन एडिशनच लागतं. होमवरून प्रोवर जाण्याचं लायसन्स वेगळं विकत घ्यावं लागतं. तुमच्या ३६५ सदस्यत्वातून मिळणारी बढती प्रोपासून वर जाते, होमपासून नाही. कोटेशन मागवतानाच 'विंडोज ११ प्रो' असं लिहा.

६. हार्डवेअर हॅश म्हणजे काय आणि तो काढायचा कसा?

लॅपटॉपच्या सुट्या भागांच्या माहितीवरून बनलेली अक्षरांची लांबलचक ओळ म्हणजे हॅश. ऑटोपायलट संगणक ओळखतो तो यावरून.

उत्तम मार्ग म्हणजे तो तुम्ही काढूच नका, डीलर किंवा उत्पादकाकडून नोंद करून घ्या (प्रश्न ७). लॅपटॉप हातात आलेलाच असेल, तर सेटअपच्या पहिल्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ १० दाबून काळी खिडकी उघडा, पॉवरशेल (आज्ञा टंकून काम करून घ्यायचं विंडोजचं साधन) सुरू करा आणि गेट-विंडोज-ऑटोपायलट-इन्फो ही स्क्रिप्ट चालवा. ती पॉवरशेल गॅलरीत मिळते. ऑनलाइन हा पर्याय दिला तर ती हॅश थेट तुमच्या इंट्यूनमध्ये चढवते, नाहीतर सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकुराची) फाइल देते. काही लॅपटॉपवर एफ १० साठी एफएन बटणही सोबत दाबावं लागतं.

सीएसव्हीचा मार्ग घेतलात तर एक काळजी घ्या: फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. एक्सेल फाइलची मांडणी बदलतो आणि इंट्यून ती नाकारतं. नोटपॅड वापरा. एका फाइलीत जास्तीत जास्त ५०० संगणक बसतात.

जे जुने लॅपटॉप आधीच इंट्यूनमध्ये आहेत, त्यांच्यासाठी हे काहीच करावं लागत नाही. ऑटोपायलटच्या प्रोफाइलमध्ये (सेटअप कसा व्हावा याची ठेवण) 'या गटातले सगळे संगणक ऑटोपायलटमध्ये नोंदवा' अशी खूण आहे, तेवढी करा.

७. डीलरला नोंद करायला सांगितलं तर तो आमच्या ईमेलमध्ये शिरू शकेल का?

डीलर तुम्हाला परवानगीची लिंक पाठवतो आणि तुमचा मुख्य अॅडमिन ती मान्य करतो. ती लिंक मान्य करण्याआधी नीट वाचा, कारण अशा लिंकमध्ये कधीकधी डीलरला तुमच्या खात्याचा कारभार सोपवण्याचा अधिकारही जोडलेला असतो. संगणक नोंदवायला तो लागत नाही. 'कारभाराच्या अधिकाराशिवायची लिंक द्या' असं स्पष्ट सांगा. जाणकार डीलर लगेच देतो.

८. लॅपटॉप थेट माझ्या घरी, गावी आला. मी काय करायचं?

चार्जर लावा. लॅपटॉप सुरू करा, भाषा आणि कीबोर्ड विचारला तर निवडा, वाय-फायला जोडा. कंपनीच्या नावाचं लॉगिन दिसलं की ऑफिसचा ईमेल आणि पासवर्ड टाका. मोबाइलवर पडताळणी येईल, म्हणून फोन जवळ ठेवा. पुढे 'डिव्हाइस सेटअप' आणि 'अकाउंट सेटअप' असे टप्पे सरकत जातील. मध्ये एक-दोनदा रीस्टार्ट होईल, ते अपेक्षितच आहे.

कंपनीचं नाव दिसलं नाही, तर तिथेच थांबा आणि ऑफिसला फोन करा. वैयक्तिक जीमेलने पुढे जाऊ नका (प्रश्न १३).

९. किती वेळ लागतो? मोबाइलच्या हॉटस्पॉटवर होईल का? मध्येच लाइट गेली तर?

आमच्याकडे चांगल्या ब्रॉडबँडवर पाऊण तास धरतो. ऑफिससकट काही जीबी डेटा सहज लागतो, तेव्हा रोजची मर्यादा असलेल्या मोबाइल प्लॅनवर तो मध्येच संपू शकतो. हॉटस्पॉट चालतो. पीजी किंवा हॉटेलचं, आधी ब्राउझरमध्ये नंबर टाकायला लावणारं वाय-फाय मात्र इथे बऱ्याचदा अडतं, त्यापेक्षा हॉटस्पॉट बरा.

लाइट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण राउटर बंद पडतो. बहुतेक वेळा नेट परत आलं की काम पुढे सरकतं. तास उलटूनही हललं नाही, तर रीसेट करून पुन्हा सुरुवात करा. सगळं पुन्हा वरूनच उतरणार असल्याने नुकसान फक्त वेळेचं.

घड्याळही पाहून घ्या. नवे लॅपटॉप कधी अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेवर उठतात. इंट्यूनमध्ये भारतीय प्रमाणवेळेचा नियम एकदा लावून टाकला की मीटिंगच्या वेळांचा घोळ होत नाही.

१०. सगळीच सॉफ्टवेअर अशी टाकता येतात का? टॅली, डिजिटल सहीचं टोकन?

जे सॉफ्टवेअर प्रश्न न विचारता गुपचूप बसतं, ते सगळं टाकता येतं. मायक्रोसॉफ्टचं मोफत साधन त्या इन्स्टॉलरचं इंट्यूनविन फाइलीत रूपांतर करतं. मग तीन गोष्टी सांगायच्या: बसवण्याची आज्ञा, काढण्याची आज्ञा, आणि ते बसलं हे ओळखायची खूण, म्हणजे अमुक फोल्डरमध्ये अमुक फाइल आहे का. ही खूण चुकली की सॉफ्टवेअर बसलेलं असूनही इंट्यून 'अयशस्वी' म्हणतं. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्या इथेच सुटतात.

टॅलीसारख्या सॉफ्टवेअरचं लायसन्स संगणकाशी बांधलेलं असतं. सॉफ्टवेअर आपोआप पोहोचवता येईल, पण जुन्या संगणकावरचं लायसन्स सरेंडर करून नव्यावर चालू करणं हाताने करा. डेटा आधीपासूनच सर्व्हरवर असू द्या.

डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचा ड्रायव्हर आणि जीएसटी पोर्टलला लागणारं ईएमसायनर यांची पॅकेजं करून अकाउंट्सच्या गटाला द्या. सही स्वतः टोकनमध्येच राहते, ती कुठे हलवायची नसते.

११. मराठी टायपिंग आपोआप सुरू करून देता येईल का?

येईल, आणि महाराष्ट्रातल्या ऑफिसांनी हे यादीत पहिल्या पाचांत ठेवावं असं माझं ठाम मत आहे. इंग्रजीत सगळं सज्ज करून दिलं आणि मराठी पत्र लिहायचं म्हटलं की 'ते तुम्ही बघून घ्या', हे योग्य नाही.

विंडोजमध्ये मराठीचे दोन कीबोर्ड आहेत. इनस्क्रिप्ट जुना आहे. उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरांतून टंकायचा फोनेटिक कीबोर्ड २०१९ च्या मे महिन्यातल्या विंडोज १० अपडेटपासून आला. छोट्या पॉवरशेल स्क्रिप्टने भाषांच्या यादीत मराठी घालता येते. इथे लोक हमखास चुकतात: इंट्यूनच्या स्क्रिप्ट मूळ ठेवणीप्रमाणे सिस्टीमच्या नावाने चालतात, पण कीबोर्ड हा प्रत्येक वापरकर्त्याचा स्वतंत्र असतो. स्क्रिप्ट लॉगिन केलेल्या वापरकर्त्याच्या नावाने चालवायची खूण केली नाही, तर अहवालात 'यशस्वी' दिसतं आणि माणसाला मराठी मिळत नाही.

कोणता कीबोर्ड द्यायचा? सरकारी टायपिंगची सवय असलेल्यांना इनस्क्रिप्ट, बाकीच्यांना फोनेटिक. दोन्ही दिले तरी हरकत नाही. निवड माणसाकडे राहू द्या.

जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या फाइली असतील तर तो फाँटही पॅकेज करावा लागेल. नुसती फाइल फाँटच्या फोल्डरमध्ये टाकून भागत नाही, रजिस्ट्रीतही (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत) नोंद लागते. डोंगलवर चालणारी डीटीपीची सॉफ्टवेअर मात्र हातानेच बसवा.

संगणकाचं नाव मराठीत ठेवता येत नाही. रोमन अक्षरं, आकडे आणि जोडरेघ मिळून जास्तीत जास्त १५ चिन्हं चालतात.

१२. सेटअप मध्येच अडकला किंवा एरर आला. सुरुवात कुठून करू?

आधी कुठल्या टप्प्यावर थांबला ते पाहा. टप्पे दाखवणाऱ्या त्या पडद्याची मूळ मुदत ६० मिनिटं आहे. मोठी सॉफ्टवेअर आणि मंद नेट असेल तर मुदत संपते आणि तो अपयश दाखवतो, जरी मागे काम चालू असलं तरी.

उपाय मुदत वाढवणं हा नाही. पडदा अडवून धरणारी सॉफ्टवेअर चार-पाचच ठेवा: अँटीव्हायरस, व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं), ऑफिस एवढी. बाकीची लॉगिननंतर मागून येऊ द्या. आणि पहिल्या सेटअपच्या यादीत जुन्या पद्धतीची एमएसआय अॅप (थेट इन्स्टॉलर फाइलच चढवलेली) आणि इंट्यूनविन अॅप मिसळू नका. दोघं एकाच वेळी बसायला लागतात आणि एक पडतं. सगळी इंट्यूनविनमध्ये आणा.

एररचे आकडे लिहून घ्या. ८०१८००१८ असेल तर त्या माणसाला इंट्यूनचं लायसन्स दिलेलं नाही. ८०१सी०००३ असेल तर त्याला संगणक जोडायची परवानगी नाही किंवा त्याच्या नावावरच्या संगणकांची मर्यादा संपली आहे. ८०१८००१४ असेल तर नावनोंदणीवर बंदी आहे. आधी वापरून रीसेट केलेल्या लॅपटॉपवर हा दिसला तर इंट्यूनमधली जुनी नोंद काढा किंवा ऑटोपायलटच्या यादीत 'अनब्लॉक' करा.

१३. लॅपटॉप नोंदवला, तरी घरगुती सेटअपच उघडतो. असं का?

नोंद आणि प्रोफाइल या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. नोंद झाल्यावर लॅपटॉप एखाद्या गटात पडावा लागतो आणि त्या गटाला प्रोफाइल मिळावं लागतं. इंट्यूनच्या यादीत 'असाइन्ड' दिसेपर्यंत लॅपटॉप नेटला जोडू नका. आधीच जोडला असेल तर बंद करून पुन्हा सुरू करा. कोणी वैयक्तिक खातं उघडून बसलं असेल तर रीसेट करा.

१४. हॅशशिवाय चालणारी नवी पद्धत आली आहे म्हणे?

हो, २०२४ च्या जूनपासून 'डिव्हाइस प्रिपरेशन' आहे. त्यात आधी हॅश नोंदवावा लागत नाही. माणसाने लॉगिन केलं की काय उतरवायचं ते त्याच्या गटावरून ठरतं. मोबदल्यात लॅपटॉपला लॉगिनपूर्वी तुमची कंपनी माहीत नसते, म्हणून सेटअपचे नेहमीचे पडदे दिसतात आणि 'ऑफिस किंवा शाळा' हा पर्याय माणसालाच निवडावा लागतो. फक्त विंडोज ११ वर आणि फक्त थेट क्लाउडला जोडायच्या संगणकांसाठी. नवीन सुरुवात करणाऱ्या छोट्या ऑफिसने आधी हीच करून पाहावी. एकच लॅपटॉप दोन्हीकडे असेल तर जुनं ऑटोपायलट वरचढ ठरतं.

१५. ऑफिसात डोमेनचा सर्व्हर (सगळ्यांची खाती आणि लॉगिन सांभाळणारा) आहे. तो काढावा लागेल?

नाही. लोक या भीतीने 'हायब्रिड' (डोमेन आणि एन्ट्रा दोन्हीकडची) जोडणी निवडतात आणि सगळं अवघड करून घेतात: त्यासाठी सर्व्हरवर इंट्यूनचा कनेक्टर बसवावा लागतो आणि पहिल्या लॉगिनला लॅपटॉपला डोमेन सर्व्हर दिसावा लागतो, म्हणजे घरी बसलेल्याला आधी व्हीपीएन हवा. मायक्रोसॉफ्टचाही सल्ला नवे लॅपटॉप थेट एन्ट्राला जोडण्याचाच आहे. खाती सर्व्हरवरून एन्ट्राला सिंक होत असतील, तर ऑफिसच्या नेटवर्कवर किंवा व्हीपीएनवर असा लॅपटॉप जुन्या सर्व्हरवरचे फोल्डर पासवर्ड न विचारता उघडतो. सर्व्हर राहू द्या, फक्त नवे लॅपटॉप त्याला जोडू नका.

१६. लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणलेले पीसी चालतील का?

चालतात, पण काळजीपूर्वक. असेंबल केलेल्या पीसीत सिरीयल नंबरच्या जागी बऱ्याचदा 'उत्पादकाने भरावे' अशा अर्थाचं कोरं इंग्रजी वाक्य असतं. दहा पीसींचा सिरीयल एकच! तेव्हा संगणकाचं नाव सिरीयलवरून बनवू नका, आपोआप येणारे आकडे वापरा. खोक्यावर स्वतःचा क्रमांक चिकटवा. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) बायोसमध्ये चालू आहे का तेही पाहा.

१७. दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला. आता?

ऑटोपायलटच्या दृष्टीने तो नवा संगणक आहे. जुनी नोंद काढा, नवा हॅश काढून पुन्हा नोंदवा (प्रश्न ६). बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) रिकव्हरी कीही मागेल, ती एन्ट्रामध्ये त्या संगणकाच्या नावाखाली सापडते. दुरुस्तीला देण्यापूर्वीच ती तिथे आहे याची खात्री करून घ्या.

१८. जुने लॅपटॉप विकायचे आहेत. फॉरमॅट मारला की झालं ना?

नाही झालं. हॅशची नोंद क्लाउडमध्ये आहे, डिस्कवर नाही. एका ऑफिसने दहा-बारा जुने लॅपटॉप फॉरमॅट करून विकले. काही दिवसांनी घेणाऱ्याचा फोन आला: कॉलेजातल्या मुलीसाठी घेतलेला लॅपटॉप विंडोज पुन्हा टाकल्यावर त्या ऑफिसचा ईमेल मागत होता. तिची परीक्षा तोंडावर होती. तोवर कोणत्या सिरीयलचा लॅपटॉप कोणाला गेला याची यादीही कोणाकडे उरली नव्हती.

क्रम असा ठेवा: आधी इंट्यूनमधून 'वाइप' (सगळं पुसण्याची आज्ञा), तो पूर्ण झाल्यावर इंट्यूनमधली नोंद काढा, मग ऑटोपायलटच्या यादीतली, शेवटी एन्ट्रामधली. त्यानंतर लॅपटॉप नेटला जोडून घरगुती सेटअप येतो का ते डोळ्यांनी पाहा आणि मगच द्या. सेकंडहँड घेणाऱ्यांनीही पैसे देण्यापूर्वी हीच चाचणी करावी.

१९. लॅपटॉप चोरीला गेला किंवा माणूस न सांगता सोडून गेला तर?

आधी त्या माणसाचं खातं बंद करा आणि चालू लॉगिन रद्द करा, कारण हे लॅपटॉप कुठेही असला तरी लागू होतं. मग 'वाइप' द्या. ही आज्ञा लॅपटॉप नेटवर येईल तेव्हाच चालते. तोपर्यंत डेटाचं रक्षण बिटलॉकर करतं, म्हणून एन्क्रिप्शन पहिल्या दिवसापासून सक्तीचं असावं. ऑटोपायलटची नोंद काढू नका, कोणी विंडोज पुन्हा टाकलं तर तुमच्या कंपनीचं लॉगिन पुढे येतं. पण त्याला चोरीविरोधी कुलूप समजू नका, आणि पोलिसांत तक्रार द्या.

२०. कंपनीला माझं काय काय दिसतं?

इंट्यूनला संगणकाचं मॉडेल, सिरीयल, विंडोजची आवृत्ती, बसवलेली सॉफ्टवेअर दिसतात. तुमच्या फाइली, फोटो, ब्राउझरचा इतिहास, खासगी ईमेल इंट्यून दाखवत नाही. कंपनीच्या लॅपटॉपचं ठिकाण शोधायची आज्ञा अॅडमिन देऊ शकतो, आणि सगळा लॅपटॉप पुसूही शकतो. याशिवाय कंपनीने वेगळं देखरेखीचं सॉफ्टवेअर टाकलं असेल तर त्याचे नियम वेगळे. ते टाकलं आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे असं मी मानतो, आणि आमच्याकडे रुजू होणाऱ्या प्रत्येकाला हा परिच्छेद छापून देतो.

२१. मॅक आणि फोनचं काय?

अॅपलसाठी अॅपल बिझनेस मॅनेजर, अँड्रॉइडसाठी झिरो-टच. दोन्ही इंट्यूनला जोडता येतात. दुकानातून घेतलेला मॅक आयफोनवरच्या अॅपल कॉन्फिगरेटरने नंतर जोडता येतो, पण पहिले ३० दिवस वापरणारा त्यातून बाहेर पडू शकतो.

२२. हे सगळं बसवणारा आयटीचा माणूसच सोडून गेला तर?

प्रश्न ३ मधली अडचण इथे वेगळ्या रूपात परत येते. यादी आता सगळ्यांना दिसते, पण ती बदलण्याचा अधिकार एकाच खात्यावर असेल तर ऑफिस पुन्हा एका माणसावर टांगलेलं असतं. मुख्य अॅडमिनची दोन आणीबाणीची खाती ठेवा, कोणाच्याही नावाची नसलेली आणि फक्त क्लाउडवर असलेली. या पोर्टलना २०२४ च्या ऑक्टोबरपासून दुहेरी पडताळणी टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली आहे, म्हणून ही खाती कोणाच्या मोबाइलला जोडू नका. प्रत्येक खात्यासाठी एक यूएसबी सुरक्षा-किल्ली घ्या, पिनसकट पाकिटात सीलबंद करून एक तिजोरीत आणि दुसरी मालकांकडे ठेवा. दर सहा महिन्यांनी दोन जणांनी मिळून पाकीट उघडायचं, लॉगिन करून पाहायचं आणि तारीख टाकून पुन्हा सील करायचं.